चपलेपुरतं

आमच्या रविवारच्या टोळीत 'छान' म्हणायला बंदी होती. कुणाची वही बघताना तोंडातून 'छान', 'मस्त', 'लई भारी' असलं काही निसटलं, की परतताना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर सगळ्यांच्या पेल्यांचे पैसे त्याने द्यायचे. तिथे म्हशीची धार काढून फेसाळता पेला हातात देतात. सात जणांचे सात पेले म्हणजे गंमत नाही. हा दंड सर्वांत जास्त वेळा मी भरलाय. तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी. चित्रातलं काडीचं कळत नाही, आणि कळत नसलं की माणूस 'छान' म्हणून मोकळा होतो.

नियम सरांचा. सर एका शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. सगळी हयात एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवण्यात गेली, त्यामुळे सुरई, केळी आणि घडी पडलेला टॉवेल यांचा त्यांना मनापासून तिटकारा. दिवाळी झाली की दर रविवारी सकाळी साडेसहाला ते आम्हाला पंचगंगेच्या घाटावर गोळा करत. प्रत्येकाकडे एक जाड कागदाची शिवलेली वही. तिला आम्ही स्केचबुकच म्हणायचो, सर मात्र 'खर्डा' म्हणत. खर्ड्यात चुकायला लाज वाटत नाही, हे त्यांचं कारण.

'छान'च्या जागी काय बोलायचं, हेही ठरलेलं होतं. वह्या आठवडाभर अदलाबदल करायच्या आणि दुसऱ्याच्या समासात पेन्सिलीने लिहायचं: मला काय दिसलं, डोळा कुठे अडखळला, आणि शेवटी एक प्रश्न. दुसऱ्याच्या रेघेला हात लावायचा नाही. लिहिलेला शेरा खोडायचा नाही. चुकला असं वाटलं तर त्याच्याच खाली नवा लिहायचा. मला हे सगळं फार सरकारी वाटायचं. म्हणजे बँकेत असूनही वाटायचं, यावरून ओळखा.

त्या वर्षी सरांनी जोड्या काढल्या. चिठ्ठ्यांवर दोन-दोन उलट शब्द: जड-हलकं, गजबज-शुकशुकाट, ओलं-कोरडं. वहीच्या डाव्या पानावर एक, उजव्या पानावर दुसरा, आणि मधे वहीची शिवण. महिनाभराची मुदत. सुरुवातीला त्यांनी आम्हाला एक छापील चित्र दाखवलं. लिओनार्दो दा विंचीने 1500च्या आसपास लाल खडूने काढलेलं, मूळ फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात आहे. दात गेलेला, हनुवटी पुढे आलेला एक म्हातारा आणि कुरळ्या केसांचा एक देखणा तरुण, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. लिओनार्दोचा सल्लाच होता म्हणे, की उलट गोष्टी शेजारी-शेजारी ठेवा, सुंदरापाशी कुरूप आणि तरुणापाशी वृद्ध, म्हणजे दोन्ही ठळक होतात.

"पण नुसतं शेजारी ठेवू नका," सर म्हणाले. "बघा, हे दोघं एकमेकांकडे बघतायत. का बघतायत ते मला महिन्याने सांगा."

माझ्या चिठ्ठीत गोड-तिखट निघालं. मी डावीकडे गुऱ्हाळ काढलं आणि उजवीकडे मिरची. गुऱ्हाळाची काहिली कुणाला काहिली वाटली नाही, मिरची मात्र मिरचीच वाटली. माझा विषय इथेच संपवतो.

नवं-जुनं ही चिठ्ठी दोघांना मिळाली. चुकून नव्हे, सरांनीच तशा दोन टाकल्या होत्या. एक ओंकारला, एक शमाला.

ओंकार कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला. हात असा, की घाटाच्या पायऱ्या तो पट्टी न लावता काढायचा आणि त्या पट्टीने काढल्यासारख्या यायच्या. शमा एका दवाखान्यात नर्स. रात्रपाळी संपवून आठ-सव्वाआठला घाटावर यायची, डोळे तांबारलेले, पिशवीत डबा आणि वही. चित्रकला तिने सातवीत सोडली होती. तिची माणसं थोडी कलंडलेली असत आणि हात खांद्यापासून न निघता कुठूनही निघत.

महिन्याने वह्या उघडल्या. ओंकारच्या डाव्या पानावर कोरी कोल्हापुरी चप्पल, वेणीचा एकेक पदर मोजून घ्यावा अशी, कानांवरची शिलाई लखलखीत. उजव्या पानावर झिजलेली चप्पल. रेघांवर आडव्या रेघा चढवून त्याने कातड्याला असा काळा मळकटपणा आणला होता, की वास यावा. मी 'छान' म्हणालो आणि खिसा चाचपला.

शमाच्या वहीत दोन पाय होते. फक्त तळवे आणि घोटे. डावीकडचा लहान, उजवीकडचा मोठा. लहान पायावर सुरकुत्या होत्या, मोठा पाय गुळगुळीत होता. घोटे तर दोन्हीकडे चुकलेले, आतला आणि बाहेरचा एकाच उंचीवर, बाहुलीच्या पायाला असतात तसे. आम्ही कुणीच काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय आहे तेच कळेना.

सरांनी त्या दोघांच्याच वह्या आपसात बदलल्या.

पुढच्या रविवारी शेरे वाचून झाले. शमाने ओंकारच्या समासात लिहिलं होतं: 'दोन चपला दिसल्या. नवी चप्पल वापरून वापरून उजव्या पानावरची होईल असं वाटत नाही, तिथे अडखळले. उजवीकडची कुणाची आहे?' ओंकारने शमाच्या समासात लिहिलं होतं: 'नवं-जुनं कळत नाही. म्हाताऱ्याचा पाय बाळासारखा आणि बाळाचा म्हाताऱ्यासारखा झालाय. आधी घोटे शिकून ये.'

प्रश्न नव्हताच. सरांच्या ते लक्षात आलं असणार, पण ते काही बोलले नाहीत. शमाने शेरा वाचला, मान हलवली, वही तशीच ओंकारकडे ठेवली आणि "झोप येतीय" म्हणून निघून गेली. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

खरं सांगायचं तर ओंकारचा शेरा आम्हा सगळ्यांना पटला होता. घोटे चुकलेलेच होते. आणि शमाचा प्रश्न मला तरी पोरकट वाटला. चप्पल कुणाची म्हणजे काय? चित्रातली चप्पल, कुणाची असणार?

त्याच सुमारास सरांनी आम्हाला ॲपेलीझची गोष्ट सांगितली. हा अलेक्झांडरच्या पदरी असलेला ग्रीक चित्रकार. एक तरी रेघ ओढल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे. आपली चित्रं तो रस्त्यावरच्या लोकांना दिसतील अशी मांडून स्वतः मागे लपे आणि कोण काय म्हणतं ते ऐके. एका चांभाराने बघितलं आणि म्हणाला, वहाणेला आतल्या बाजूने एक बंद कमी आहे. ॲपेलीझने रात्रीतून तो बंद काढला. दुसऱ्या दिवशी चांभार बघतो तर चूक दुरुस्त! तो फुशारला, म्हणाला, पायाची पोटरीही जमलेली नाही. तेव्हा ॲपेलीझने आडून तोंड बाहेर काढलं आणि त्याला बजावलं, की चांभाराने वहाणेच्या वर जाऊ नये. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने ही गोष्ट नोंदवून ठेवली आणि दोन हजार वर्षं ती चित्रकारांच्या तोंडी राहिली.

ओंकार खूश झाला. "बरोबरच आहे की सर. ज्याला जेवढं कळतं, तेवढंच त्याने बोलावं."

सर पेन्सिलीला टोक करत होते. "हे वाक्य या गावात जरा जपून बोलायचं," ते म्हणाले. आणि पुन्हा टोक करू लागले.

ज्या गावात 1902 साली राज्याच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम शाहू महाराजांनी काढला, त्या गावात 'आपल्या पायरीच्या वर येऊ नको' हे कुणी कुणाला म्हटलं होतं, ते वेगळं सांगावं लागत नाही. ओंकारला मात्र त्या वेळी ते शेलक्या चित्रकारी वाक्यासारखंच वाटलं असावं. वय वर्षं एकोणीस.

पुढचं मला ओंकारनेच सांगितलं, आणि आपल्याला लाज आणणारी गोष्ट माणूस इतक्या बारकाईने सांगतो तेव्हा ती खरीच असते.

शमाचा प्रश्न त्याला टोचत होता. आपलं काही चुकलेलं नाही, एवढीच खात्री करून घ्यायला तो चप्पल लाइनीत गेला. मागच्या बोळात एक कारागीर मांडी घालून बसले होते. पुढ्यात रापी, आरी, पाण्यात भिजत घातलेलं कातडं. ओंकारने दोन्ही वह्या पोत्यावर ठेवल्या आणि आपली उघडून पुढे केली.

"मामा, ही चप्पल बघा की. काय चुकलंय का?"

मामांनी हात पुसले, वही लांब धरली. नव्या चपलेवर बोट न टेकवता फिरवलं. "कानाला टाकं कमी काढल्यास. आनि वेणी पट्ट्याखालनं येती, वरनं न्हाई. बाकी बेस हाय."

ओंकारने तिथेच पेन्सिल काढून दोन्ही दुरुस्त केलं. ग्रीक गोष्टीतला पहिला दिवस झाला.

मग मामांनी उजवं पान बघितलं, आणि बराच वेळ बघितलं. "ही झिजल्याली न्हाई."

"म्हणजे?"

"घासल्याली हाय. कानशीनं घासल्यागत, समदीकडनं सारखी. मानूस असा कुठं चालतोय?" त्यांनी बाजूच्या ढिगातून दुरुस्तीला आलेला एक जोड काढला आणि उलटा केला. टाच बाहेरच्या कडेने खाल्लेली, आतल्या बाजूने जवळपास शाबूत. सुलटा केला. अंगठ्याखाली कातड्यात वाटीसारखा खळगा, त्यात मळ बसून काळा झालेला. बाकीच्या चार बोटांचे चार फिकट ठसे. आणि उजवी चप्पल डावीपेक्षा कितीतरी जास्त गेलेली. "ह्यो गडी उजव्या पायावर भार टाकतोय. डावा गुडगा दुकत असनार. मी त्याला बघितल्यालं न्हाई, पोरगं आनून टाकतंय. पर सांगतो तुला."

'उजवीकडची कुणाची आहे?' ओंकार म्हणाला, की ते वाक्य त्याला तिथे शमाच्या आवाजात ऐकू आलं.

तेवढ्यात मामांनी आपणहून दुसरी वही उचलली. शमाचे पाय. ओंकार गडबडीने सांगायला गेला, की ती चित्रं कच्ची आहेत, माझी नाहीत. मामांचं लक्ष नव्हतं.

"ह्यो पाय सुजल्याला हाय," ते मोठ्या पायाकडे बघत म्हणाले. "कातडी तानली की अशी चकचकती. बोट दाबलं की खड्डा पडतो, लवकर भरत न्हाई. अशी मानसं येत्यात माज्याकडं. पट्टा ढिला करून देतो, अंगठा काढूनच टाकतो." मग लहान पायाकडे. "आनि ह्ये बारकं तर कालचंच दिसतंय. तळव्याला बघ किती रेघा."

आता इथे ओंकारने जे केलं, त्याबद्दल त्याला मी अजून टाकून बोलतो. तो हसून म्हणाला, "मामा, तुम्ही चपलेपुरतं सांगा. पायाचं राहू दे."

मामांना ग्रीक गोष्ट माहीत असायचं कारण नव्हतं. ते चिडलेही नाहीत. आरी हातात घेतली, कातड्याला टोचा मारला, वादी ओढून घेतली आणि म्हणाले, "आरं, चप्पल बसती कशावर?"

ओंकार बोळातून बाहेर पडला तेव्हा त्याच्या हातात दोन वह्या होत्या आणि पायात नवी करकरीत कोल्हापुरी. ती त्याने मामांकडूनच घेतली. खिशात होते तेवढे पैसे दिले, उरलेले महिनाअखेरीला देतो म्हणाला.

रविवारी त्याने हे सगळं सरांना सांगितलं. सर त्याला रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "ॲपेलीझ मोठाच चित्रकार होता. त्याचं एकही चित्र आज उरलेलं नाही, त्यामुळे ती पोटरी कशी होती ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मला मात्र फार दिवस शंका आहे, की तो चांभार दुसऱ्या दिवशीही बरोबरच असावा." थोडं थांबून म्हणाले, "लिओनार्दोने लिहून ठेवलंय, चित्र करताना कुणाचंही मत ऐकून घ्या म्हणून. ज्याला चित्र काढता येत नाही, त्यालाही माणसाचं अंग ओळखता येतंच की."

"मग तुम्ही आम्हाला ती दुसरी गोष्ट का सांगितलीत?" मी विचारलं.

"दोन्ही शेजारी ठेवायच्या म्हणून," सर म्हणाले. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनाही 'छान' म्हणायचं होतं.

शमाच्या वहीतला आपला शेरा ओंकारला खोडता येईना, नियमच तसा. त्याने खाली लिहिलं. पहिल्यांदा मोठं लिहिलं, ते त्यालाच भाषण वाटलं. मग त्याच्याखाली एवढंच: 'लहान पाय एक दिवसाचा आणि मोठा सुजलेला, हे मला एकांनी दाखवलं. मला स्वतःला दिसलं नाही. जन्मल्या जन्मल्या तळव्याला एवढ्या रेघा असतात? आणि सुजलेला पाय नव्यासारखा दिसतो, हे तुला चित्र काढायच्या आधी माहीत होतं की काढताना कळलं?' वही घेऊन तो दवाखान्याच्या फाटकाशी सकाळी आठला उभा राहिला. तिने वही घेतली, तिथेच उघडली, वाचली. "काढताना," म्हणाली. आणि लगेच, "घोटे कसे काढतात?"

पुढच्या रविवारी घाटावर ओंकारने पँट वर केली, पाय पायरीवर ठेवला आणि तिला दाखवलं: आतला घोटा वर, बाहेरचा खाली. तुम्हीही आत्ता हात लावून बघा. पन्नाशी उलटेपर्यंत मला हे माहीत नव्हतं, आणि दोन्ही घोटे रोज माझ्याबरोबर बँकेत येत होते. शमाने त्या दिवशी एकवीस घोटे काढले. विसावा आणि एकविसावा खरे वाटले. तिची माणसं अजूनही कलंडतात, पण आता ती पायावर कलंडतात.

ओंकारने नवं-जुनं पुन्हा सुरू केलं. सरांनी त्याला आबालाल रहिमान यांची आठवण करून दिली होती. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून आलेला हा चित्रकार कोल्हापुरात राहिला आणि रंकाळा, संध्यामठ हाच परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. "तळं एकच," सर म्हणाले, "पण सकाळचं संध्याकाळच्याला ओळखत नाही. तू दोन वस्तू कशाला शोधतोस?"

मग दर रविवारी ओंकार घाटावर आला, की पायातली चप्पल काढून समोर ठेवायचा आणि तीच काढायचा. पहिल्या आठवड्यात तिची करकर ऐकून तो आलाय हे मागे न बघता कळायचं. अंगठ्याला चावली तेव्हा खोबरेल तेल लावून मऊ केली. त्या रविवारच्या पानावर चपलेवर तेलाचा डाग आहे, आणि तो पेन्सिलीचा नाही, खराच पडलाय. डिसेंबरात करकर बसली. जानेवारीत अंगठ्याखाली सावली दिसू लागली. शमा समासात लिहायची: 'डावी टाच जास्त गेली. सायकलवर चढताना डावा पाय टेकतोस का?' तो खाली लिहायचा: 'हो. मलाच माहीत नव्हतं.' मार्चपर्यंत गोंड्याचे दोन दोरे गेले. कुठल्या पानावर नवं संपून जुनं सुरू झालं, ते आम्ही सगळ्यांनी मिळून शोधलं. माझं बोट एका पानावर, शमाचं दुसऱ्यावर, सरांचं तिसऱ्यावर. ओंकार म्हणाला, शिवणीत असेल. त्यावर मी 'छान' म्हणालो आणि दंड भरला. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

पावसाळ्यात कोल्हापुरी घालत नाहीत. जूनच्या पहिल्या रविवारी, ढग रंकाळ्यावर आलेले असताना, ओंकार वही घेऊन मामांकडे निघाला. उरलेले पैसे त्याने कधीच दिले होते, हिशेब बाकी नव्हता. आम्हीही चार जण मागोमाग गेलो. बोळ अरुंद, आम्ही दारात दाटीने उभे.

मामांनी हात पुसले आणि पहिल्या पानापासून एकेक पान उलटलं. बोलले नाहीत. मधे एका पानावर "तेल लावल्यास व्हय" एवढं पुटपुटले. शेवटचं पान त्याच सकाळचं होतं. तिथे ते थांबले, वही उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले.

"काढ ती चप्पल," म्हणाले.

"का?"

"उजव्या अंगठ्याचा टाका सुटाय लागलाय. आठ दिसांत हातात येईल."

ओंकारने खाली वाकून पायाकडे बघितलं. अंगठ्यापाशी वादीचा एक पदर उसवून केसाएवढा वर आला होता. त्याने वही परत घेतली आणि पान बघितलं. तिथेही, तेवढाच, तो काढलेला होता.